यंत्राचे जुळे

मोठे बांधकाम हाती घेण्यापूर्वी त्याची लहान प्रतिकृती करून पाहावी, ही अभियांत्रिकीतील जुनी चाल होय. पुण्याजवळ खडकवासला येथे केंद्र शासनाची जल व विद्युत संशोधनाची संस्था आहे. तिची सुरुवात 1916 साली झाली. नद्यांची पात्रे, बंदरे, धरणांचे सांडवे यांच्या प्रतिकृती तेथे रचण्यात येतात, त्यांतून मोजके पाणी सोडण्यात येते, आणि प्रत्यक्ष बांधकामात प्रवाह कसा वागेल याचा अंदाज त्यावरून बांधण्यात येतो. अशा प्रतिकृतीचे आयुष्य बहुधा अल्प असते. निर्णय झाला की ती मोडावयाची आणि तिच्या जागी दुसऱ्या कामाची प्रतिकृती उभी करावयाची. बांधून झालेले धरण पुढील पन्नास वर्षांत कोठे झिजले, कोठे पाझरू लागले, हे तिला कळण्याचा मार्गच नसतो.

प्रतिकृती जर यंत्राबरोबरच जन्माला आली, यंत्राबरोबर झिजत राहिली, आणि यंत्र मोडीत निघेपर्यंत त्याचा प्रत्येक बदल स्वतःत टिपत गेली तर? ही कल्पना आज संगणकाच्या साहाय्याने व्यवहारात आली आहे. तिला 'डिजिटल ट्विन' असे नाव असून मराठीत 'अंकीय जुळे' असे म्हणावयास हरकत नाही. विमानाची एंजिने, पवनचक्क्या, पूल, वीजनिर्मिती केंद्रे अशा नाना ठिकाणी तिचा बोलबाला आहे. बोलबाला अधिक असल्यामुळेच खरे जुळे कोणते आणि नुसते चित्र कोणते, हा प्रश्न उद्योगधंद्यांपुढे उभा राहिला आहे.

चंद्राच्या वाटेवर

या कल्पनेचे मूळ सांगताना बहुतेक लेखक अपोलो-13 या अमेरिकन अंतराळयानाची कथा सांगतात. 11 एप्रिल 1970 रोजी हे यान चंद्राकडे निघाले. दोनच दिवसांनी, पृथ्वीपासून तीन लक्ष किलोमीटरहून अधिक अंतरावर, त्यातील प्राणवायूच्या एका टाकीचा स्फोट झाला. मुख्य यानाची वीज तुटली. तीन अंतराळवीरांनी चंद्रावर उतरण्यासाठी आणलेल्या छोट्या यानाचा आसरा घेतला. परंतु पृथ्वीच्या वातावरणात शिरावयाचे तर मुख्य यानच पाहिजे, आणि त्यात शिल्लक होती ती केवळ काही बॅटऱ्यांची वीज. थंड पडलेले यान एवढ्याशा विजेत, कोणत्या क्रमाने बटणे दाबून जागे करावयाचे, हे कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नव्हते.

जमिनीवर अंतराळवीरांच्या शिक्षणासाठी यानासारखीच बेतलेली सिम्युलेटर नावाची यंत्रे होती. जर्मन गोवराच्या संसर्गाच्या भीतीने ऐन वेळी मोहिमेतून वगळण्यात आलेले केन मॅटिंग्ली यांनी व अभियंत्यांनी वरच्या यानाची स्थिती या यंत्रांत उतरवली आणि क्रम आखून, तपासून, पुन्हा आखून रेडिओवरून वर कळविला. 17 एप्रिल रोजी तिघेही सुखरूप परतले.

या सिम्युलेटरांना पहिले 'जुळे' म्हणण्याचा प्रघात पडला आहे. तो थोडा उदारपणाचा आहे. यानाकडून येणारे आकडे आपोआप सिम्युलेटरमध्ये जात नव्हते. माणसे ते वाचीत आणि हातांनी त्यात भरीत. शिवाय टाकी का फुटली हे सिम्युलेटरकडून कळणे शक्य नव्हते. तिच्यातील तापनियंत्रक कळा 28 व्होल्टच्या होत्या. पुढे जमिनीवरील कामासाठी 65 व्होल्टचा पुरवठा ठरला, परंतु कळा बदलावयाच्या राहून गेल्या. उड्डाणापूर्वी, मार्च 1970 मध्ये, टाकी रिकामी करताना त्या कळा वितळून चिकटल्या आणि आतील तापमान भलतेच चढून तारांवरचे आवरण जळाले. काम करणारे ज्या मापकाकडे पाहत होते तो 30 अंश सेल्सिअससुद्धा दाखवू शकत नव्हता. म्हणजे अपोलो-13 ची ती एक विशिष्ट टाकी आराखड्यातील टाकीहून वेगळी झालेली होती, आणि कोणत्याही प्रतिकृतीला याचा पत्ता नव्हता.

कल्पनेचे नाव व तिच्या पायऱ्या

2002 साली मिशिगन विद्यापीठातील एका व्याख्यानात मायकेल ग्रीव्ह्ज यांनी ही कल्पना रेखीवपणे मांडली. एका बाजूस प्रत्यक्ष वस्तू, दुसऱ्या बाजूस संगणकातील वस्तू, आणि दोहोंमध्ये माहितीची ये-जा करणारा दुवा, असे तिचे तीन घटक त्यांनी सांगितले. 'डिजिटल ट्विन' हे नाव मात्र अमेरिकेच्या 'नासा' या संस्थेतील जॉन व्हिकर्स यांचे मानले जाते. 2010 च्या सुमारास त्या संस्थेच्या आराखड्यात ते आले व तेथून सर्वत्र पसरले.

ग्रीव्ह्ज यांच्या तीन घटकांपैकी तिसरा, म्हणजे दुवा, हाच सर्वांत खर्चाचा व कष्टाचा आहे. आणि नेमका तोच गाळून केलेल्या वस्तूलाही बाजारात 'जुळे' म्हणून खपविले जाते. 2018 साली व्हर्नर क्रिट्झिंगर व त्यांच्या सहकाऱ्यांनी कारखानदारीतील अशा कामांचा आढावा घेतला व दुव्याच्या स्वरूपावरून तीन पायऱ्या केल्या. माहिती दोन्ही बाजूंनी माणसांनीच पोहोचवावयाची असेल तर ती नुसती अंकीय प्रतिकृती होय. वस्तूकडून संगणकाकडे माहिती आपोआप जात असेल, परंतु उलट जात नसेल, तर ती अंकीय छाया होय. दोन्ही दिशांनी आपोआप ये-जा असेल तेव्हाच ते जुळे म्हणावयाचे. या कसोटीने पाहता, जुळे म्हणवून घेणाऱ्या कामांपैकी थोडीच त्या नावास पात्र ठरली.

पंचांगाच्या गणिताचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे त्यांना यातील मर्म चटकन उमगेल. ग्रहगतीचे गणित कितीही चोख केले तरी मूळ मानांतील सूक्ष्म अंतर वर्षानुवर्षे साठत जाते, आणि गणिताने आलेले ग्रहाचे स्थान व आकाशात दिसणारे स्थान यांचा मेळ बसेनासा होतो. तो मेळ पुन्हा बसावा म्हणून गणितात जी दुरुस्ती करावयाची तिला आपल्याकडे 'बीजसंस्कार' म्हणतात. कोकणातील नांदगावचे केशव दैवज्ञ यांनी स्वतः आकाशाचे वेध घेतले आणि त्यांचे पुत्र गणेश दैवज्ञ यांनी 1520 च्या सुमारास 'ग्रहलाघव' रचताना दिसणाऱ्या आकाशाशी जुळणारे गणित दिले. अंकीय जुळ्यामध्ये हा बीजसंस्कार दर दिवशी, कित्येकदा दर सेकंदास चालू असतो. पण आकाशाच्या बाबतीत वाट एकेरी असते. वेधावरून गणित सुधारता येते, गणितावरून ग्रह वळविता येत नाही. म्हणून वरील भाषेत पंचांग ही फार तर छाया झाली. यंत्राच्या बाबतीत उलट वाटही मोकळी आहे.

एंजिनाची नाडी

ही वाट कशी चालते हे विमानाच्या जेट एंजिनावरून चांगले समजते. जेट एंजिनात बाहेरची हवा कॉम्प्रेसरच्या अनेक पात्यांमधून दाबली जाते, तिच्यात इंधन जळते, आणि तापलेले वायू टर्बाइनची पाती फिरवून मागे बाहेर पडतात. मोठ्या एंजिनात टर्बाइनशी पोहोचणाऱ्या वायूंचे तापमान पात्याच्या धातूच्या वितळबिंदूहूनही अधिक असते. पात्याच्या आतील बारीक छिद्रांतून थंड हवा खेळवली जाते म्हणूनच ते टिकते. उडता उडता एंजिन म्हातारे होते. कॉम्प्रेसरच्या पात्यांवर धूळ बसते, पात्यांची टोके झिजून आवरणाशी असलेली फट वाढते, आणि तोच जोर मिळविण्यासाठी अधिक इंधन जाळावे लागते. परिणामी बाहेर पडणारे वायू अधिक तापतात.

एंजिनावर ठिकठिकाणी तापमान, दाब, आसांची गती, इंधनाचा प्रवाह व कंप मोजणारे संवेदक बसविलेले असतात. उड्डाणाच्या वेळी, वर चढताना, सरळ उडताना घेतलेले हे आकडे रेडिओने जमिनीवर येतात. तेथील संगणकात त्याच एंजिनाचे गणिती रूप असते. समजा, बाहेरची हवा, उंची व वेग लक्षात घेता वायूचे तापमान 600 अंश यावयास हवे असे गणित सांगते, आणि मापक 612 अंश दाखवितो. हे बारा अंश कोठून आले? कॉम्प्रेसर मळला असेल, टर्बाइन झिजले असेल, किंवा मापकच बिघडला असेल. एकट्या आकड्यावरून निवाडा होत नाही. दाब, गती, इंधन या इतर आकड्यांमध्येही फरक पडलेला असतो आणि प्रत्येक बिघाडाची त्यांतील ठेवण वेगळी असते. कुटुंबाचा जुना वैद्य रोग्याची नेहमीची नाडी ओळखून असतो, म्हणून त्याला आजचा फरक जाणवतो, हेही तसेच.

गणितावर किती भिस्त ठेवावयाची आणि मापकावर किती, हा प्रश्न प्रत्येक वेळी येतो. 1960 साली रूडॉल्फ काल्मन या हंगेरीत जन्मलेल्या अमेरिकन शास्त्रज्ञाने याचे सुबक उत्तर दिले. ज्याच्या अनिश्चिततेचा आवाका लहान, त्याला अधिक वजन द्यावे, दोहोंवरून नवा अंदाज काढावा, आणि तोच पुढच्या गणिताचा आरंभ धरावा. ही रीत अपोलो यानांच्या दिशाशोधनात वापरली गेली आणि आज असंख्य अंकीय जुळ्यांच्या पोटात तीच आहे.

एवढे झाले की जुळे शहाणे होत जाते. आरंभी ते काय घडत आहे एवढेच दाखविते. मग का घडत आहे हे सांगू लागते. पुरेशा एंजिनांचा पुरेसा अनुभव गाठीस आला की अमुक भाग आणखी किती उड्डाणे टिकेल याचे भाकीत करते. त्यापुढे एंजिन आता धुवावे की दोन महिन्यांनी उतरवावे, असा सल्ला देते. सल्ला न विचारता स्वतःच अमलात आणणे ही शेवटची पायरी. व्यवस्थापनावरील लिखाणात या पायऱ्यांना 'परिपक्वता' म्हणण्याची रूढी आहे. हा शब्द काहीसा फसवा आहे, कारण वरची पायरी ती सदैव इष्ट असे त्यातून सुचते. विमान उद्योगात एंजिन उडण्यास योग्य आहे की नाही यावर सही अधिकृत माणसाचीच लागते, आणि त्यात काही मागासलेपणा आहे असे कोणी समजदार अभियंता म्हणणार नाही.

तासाच्या दराने ताकद

अंकीय जुळ्यामुळे धंद्याची रीत बदलली असे नेहमी सांगितले जाते. विमानाच्या एंजिनांचा इतिहास पाहिला तर क्रम उलटा दिसतो. 1962 साली ब्रिटनमधील ब्रिस्टल सिडली या कंपनीने आपल्या 'व्हायपर' एंजिनासाठी एक नवी योजना पुढे केली. ग्राहकाने दर उड्डाण-तासाला ठराविक रक्कम द्यावी, आणि एंजिन चालू ठेवण्याची, सुटे भाग व दुरुस्ती पुरविण्याची जबाबदारी कंपनीने घ्यावी. 'पॉवर बाय द अवर', म्हणजे तासाच्या दराने ताकद, असे तिचे नाव पडले. 1966 मध्ये ही कंपनी रोल्स-रॉइसने विकत घेतली आणि पुढे मोठ्या प्रवासी विमानांच्या एंजिनांसाठीही अशा प्रकारचे करार होऊ लागले.

या कराराने हिशेबाच्या वहीतील जमा-खर्चाची बाजूच पालटली. पूर्वी एंजिन विकले की कारखानदाराची खरी मिळकत सुट्या भागांवर असे. एंजिन बिघडले तर ग्राहकाचे नुकसान आणि कारखानदाराची विक्री. तासाच्या दराने पैसे मिळू लागल्यावर बिघाडाचा भुर्दंड कारखानदारावर आला. आता प्रत्येक एंजिनाची प्रकृती जाणून घेणे, वेळेआधी भाग फेकून न देणे आणि वेळेनंतर एक दिवसही न ठेवणे, यावर त्याचा नफा ठरू लागला. जाणून घेण्याची ही गरज आधी निर्माण झाली. संवेदक, रेडिओ, संगणक जसे स्वस्त होत गेले तसतसे त्यांनी ती भागविली.

म्हणूनच पुष्कळ कंपन्या मोठा खर्च करून जुळे उभारतात आणि तरीही त्यांच्या कामात फरक पडत नाही, याचे नवल वाटावयास नको. पडद्यावर यंत्राचे रंगीत चित्र फिरते. बिघाडाची सूचना पंधरा दिवस आधी मिळते. पण सुट्या भागांची मागणी तीन महिन्यांच्या ठरीव वेळापत्रकानेच जाते, आणि देखभालीचा कंत्राटदार दुरुस्त्यांच्या संख्येवरच बिल करतो. अशा ठिकाणी सूचनेची घाई कोणालाच नसते. कार्यशाळा, भांडार, हिशेब आणि करार यांची घडी मोडून नवी बसविणे हे संगणकाच्या कामाहून अवघड आहे.

तासाच्या दराचीही दुसरी बाजू आहे. 2020 मध्ये करोनाच्या साथीने जगभरची विमाने जमिनीवर बसली तेव्हा उड्डाणाचे तास संपले आणि त्यांच्याबरोबर रोल्स-रॉइसची त्या वाटेने येणारी मिळकतही आटली. पात्याची झीज सांगणाऱ्या गणिताकडे याचे उत्तर नव्हते. दुसरी अडचण अधिक खोल आहे. विमान कंपनीच्या ताब्यातील एंजिनाविषयी विमान कंपनीपेक्षा कारखानदारालाच अधिक माहिती असते. मग ती माहिती कोणाच्या मालकीची? करार संपून दुसऱ्या कार्यशाळेकडे जावयाचे ठरले तर एंजिनाचा पूर्वेतिहास बरोबर जाईल काय? स्वतंत्र दुरुस्ती करणाऱ्यांचे पोट या प्रश्नावर अवलंबून आहे.

आराखड्यातील नळी आणि खरी नळी

4 नोव्हेंबर 2010 रोजी क्वांटास कंपनीचे ए-380 जातीचे विमान सिंगापूरहून सिडनीकडे निघाले. थोड्याच वेळात, इंडोनेशियाच्या बाताम बेटावर असताना, त्याच्या चार ट्रेंट-900 एंजिनांपैकी एकातील टर्बाइनची चकती फुटली. तिचे तुकडे पंख भेदून गेले. वैमानिकांनी विमान सिंगापूरला सुखरूप परत आणले. आतील 469 माणसांपैकी कोणालाही इजा झाली नाही.

ऑस्ट्रेलियाच्या चौकशीत जे निघाले ते अंकीय जुळ्याच्या प्रत्येक अभ्यासकाने ध्यानात ठेवावे असे आहे. चकतीचे गणित चुकलेले नव्हते. एंजिनातील तेलाच्या एका आखूड नळीच्या तोंडाशी आतून जे रुंद भोक पाडावयाचे असते ते मध्यापासून सरकले होते. त्यामुळे नळीची एक बाजू पातळ राहिली, ती थकून तडकली, तेल गळून पेटले, आणि त्या आगीने चकती आसापासून सुटून बेभान फिरत फुटली. आराखड्यातील नळी सर्व बाजूंनी सारखी जाड होती. ती नळी घेऊन कितीही सूक्ष्म गणित केले असते तरी ते निर्दोषच आले असते.

येथे अपोलोच्या टाकीची आठवण होते. दोन्ही ठिकाणी प्रश्न उद्भवला तो वस्तू जशी आखली आणि वस्तू जशी घडली यांतील अंतरामुळे. म्हणून आज जबाबदार कारखाने प्रत्येक महत्त्वाच्या भागाची घडल्यानंतरची मापे त्याच्या क्रमांकासह जपून ठेवतात आणि जुळे त्या मापांवर उभारतात. एकाच साच्यातून निघालेल्या दोन एंजिनांची जुळी मग एकसारखी राहत नाहीत. एक वाळवंटावरून उडते, दुसरे समुद्रावरून, आणि वर्षभरात दोघांची गणिते वेगळ्या वाटांनी जातात.

प्रत्यक्ष मापनाचे मोल पटविणारे एक ठळक उदाहरण भारतातीलच आहे, आणि ते अंकीय युगाच्या आधीचे आहे. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयना परिसरात मोठा भूकंप झाला. 103 मीटर उंचीचे कोयना धरण बांधताना आडव्या धक्क्यासाठी गुरुत्वत्वरणाचा 5 टक्के भाग हिशेबात धरला होता. धरणातच बसविलेल्या त्वरणमापकाने त्या पहाटे जवळजवळ 50 टक्क्यांची नोंद केली. धरण उभे राहिले, परंतु त्याच्या उंच खंडांना, मागील बाजूचा उतार जेथे एकदम बदलतो त्या पातळीशी, तडे गेले. पुढे धरणास टेकू बांधून ते बळकट करण्यात आले. ती नोंद आणि ते तडे आज जगभरच्या धरण-अभियंत्यांची कसोटी होऊन राहिले आहेत. भूकंपगणिताची नवी रीत बसविली की कोयनेचे ते धक्के संगणकातील धरणाला द्यावयाचे आणि तडे त्याच पातळीशी जातात की नाही हे पाहावयाचे, असा प्रघात आहे. मापक तेथे नसता तर धरणाला तडे गेले एवढेच कळले असते.

भारतातील धरणे, पूल, औष्णिक वीज केंद्रे यांपैकी पुष्कळ कित्येक दशकांपूर्वीची आहेत. त्यांना आज जुळे जोडावयाचे म्हटले तर पहिली अडचण संगणकाची येत नाही. ज्या आराखड्यावरून केंद्र बांधले त्यात पुढे किती नळ्या बदलल्या, कोणती झडप कोठे हलवली, कोणती भिंत कधी जाड केली, याची नोंद बहुधा अपुरी असते. काही गोष्टी निवृत्त झालेल्या फिटरलाच ठाऊक असतात. शिवाय सर्वच यंत्रांना हा थाट करण्याचे कारणही नाही. शेतातील साधा पंप बिघडला तर तो बदलणे हे त्याचे जुळे सांभाळण्याहून स्वस्त पडते. ज्याच्या बिघाडाने माणसे दगावतील किंवा सबंध केंद्र बंद पडेल अशी यंत्रे आधी निवडावयाची, आणि त्यांच्याविषयी कोणता निर्णय करावयाचा आहे ते ठरवून त्यापुरते मापक बसवावयाचे, ही रीत अनुभवाने योग्य ठरली आहे. जुन्या बाष्पकाच्या बाबतीत कामाचे पहिले महिने म्हणूनच यंत्रगृहात जातात. कामगार पराध्वनी मापक घेऊन नळीनळीची जाडी मोजतात, आराखड्याच्या प्रतीवर लाल पेन्सिलने खुणा करतात, आणि मग ती प्रत संगणकाच्या खोलीत येते.